निघायच्या दिवशीचं धुणं

हल, इंग्लंड,
रविवार, ८ ऑक्टोबर २०१७

प्रिय नोरीन,

अक्षरावरून तुला ओळख पटणार नाही, म्हणून नाव आधीच सांगते. मी जॅनिस, कॉलिनची धाकटी बहीण. तू इथून गेलीस तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आता चौसष्टची आहे. मधल्या एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तेव्हा कशी आहेस, हे विचारायचं तोंड मला नाही, पण रीत म्हणून विचारते. तुझी नात टेस सांगत होती की तुझे गुडघे कुरकुरतात आणि तरी तू दिवसभर बागेत ओणवी असतेस. माझे गुडघेही तसेच, फक्त बाग नाही.

इथली हवा तुला आठवते तशीच आहे. शुक्रवारपासून जत्रा लागलीय. आज रविवार म्हणून पाळणे बंद आहेत, पण खिडकी उघडली की तळलेल्या कांद्याचा वास आत येतोच.

तुझी नात गुरुवारी एडिंबराला गेली. हे पत्र तुला मिळेपर्यंत फोनवर काही बोलायचं नाही, असा शब्द मी तिच्याकडून घेतलाय. मला दोन गोष्टी लिहायच्या आहेत, एक विनंती आणि एक कबुली. विनंती सोपी आहे. जानेवारीत, समुद्रात हरवलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, तू इथे ये. टेस म्हणाली की तिने तुला चारदा विचारलं आणि चारही वेळा तू म्हणालीस, "त्या गल्लीत मला कुणी दारात उभं करणार नाही." ते कुणामुळे, हे कबुलीत येईल. आधी शहराचं लिहिते. शहराबद्दल बोलायला लागले की मला धीर येतो, हे तुला माहीत आहे.

तुला हे शहर पहिल्यांदा मीच दाखवलं, आठवतं? तू टेकड्यांपलीकडच्या शेतावरून लग्न होऊन आलीस. कॉलिन तीन आठवडे मासेमारीच्या ट्रॉलरवर आणि तीन दिवस घरी. आमची आई तुला 'शेतातली' म्हणायची, ते काही कौतुकाने नाही. मग मीच शाळा सुटली की तुला घेऊन हिंडायचे. सोन्याचा मुलामा दिलेला घोड्यावरचा राजा दाखवला आणि सांगितलं की बाराचे टोले ऐकू आले की हा उतरून समोरच्या गुत्त्यात जातो. तू खरोखर बारापर्यंत थांबलीस. मग पार्कातल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा दाखवला. तू त्याच्या फासळ्यांखाली तोंडाला हात लावून उभी राहिलीस आणि हळूच म्हणालीस, "जॅनिस, याच्या पोटात आपली सगळी गल्ली मावेल." मी त्या हाडांखालून शंभरदा धावले असेन, पण ती किती मोठी आहेत हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. आज मी लोकांना शहर दाखवते, त्याचं मूळ तिथे आहे.

हो, मी गाइड झालेय. शाळेतली स्वयंपाकघराची नोकरी संपल्यावर जुन्या ट्रॉलरवर लोकांना फिरवायला लागले. नदीत एक ट्रॉलर जपून ठेवलाय. आत उतरलं की अजून डिझेल आणि कॉड माशाचा वास येतो. त्यात यंदा आपल्याला देशातलं 'संस्कृतीचं शहर' ठरवलंय. बातमी आली तेव्हा सगळे हसले. माझ्याबरोबर वॉल्ट नावाचा ऐंशीचा गडी असतो, तीस वर्षं समुद्रावर काढलेला. तो म्हणाला, "इतके दिवस मासे सोलले, आता संस्कृती सोला." पण खरं सांगते, लोक येतात. जपानहून, ब्राझीलहून येतात, आणि आपल्या नदीच्या गढूळ पाण्याकडे बघून गप्प उभे राहतात. मला अजून त्याची सवय झालेली नाही.

परवाच्या सोमवारी अकरा जण होते. त्यांत एक पोरगी हिरवा रेनकोट घालून चढली. वॉल्टने तिला शिडीवरच अडवलं.

"हिरवं घालून डेकवर? आम्हाला बुडवतेस का?"

"पण बोट तर चिखलात रुतलीय," ती म्हणाली.

"म्हणून काय झालं? चिखलात पण बुडता येतं. काढ तो कोट."

तिने हसत कोट काढला आणि घडी करून काखेत धरला. चालली ती थोडी उजवीकडे कलून. अशी चाल मी कुठेतरी पाहिली होती, पण मी लक्ष दिलं नाही. मी बोलायला सुरुवात केली होती.

नोरीन, त्या ट्रॉलरवर मी एक गोष्ट सांगते. नऊ वर्षं सांगतेय. शेवटी सगळ्यांना खालच्या खोलीत बाकांवर बसवते आणि आपल्याकडचे नेम सांगते. बोट निघाली त्या दिवशी घरात धुणं धुवायचं नाही, नाहीतर घरधनी वाहून जातो. निरोपाला हात हलवायचा नाही, नाहीतर लाट त्याला हात हलवून बोलावते. आणि मग सांगते, की आमच्या गल्लीत एक नवीन सून आली होती, शेतावरची, तिला यातलं काही माहीत नव्हतं. नवऱ्याची बोट निघाली त्या सोमवारी तिने त्याचा शर्ट धुऊन दोरीवर टाकला. एकोणीस दिवसांनी 'सी लार्क' आइसलँडच्या वरच्या अंगाला बर्फाच्या भाराने उलटली. वीस जणांतलं कुणी परतलं नाही.

इथे मी थांबते. थांबायचं किती हेही मला पाठ आहे. लोकांच्या अंगावर काटा येतो. बायका डोळे पुसतात.

त्या दिवशी सगळे वर गेले आणि ती पोरगी बाकावरच बसून राहिली. म्हणाली, "त्या सुनेचं नाव काय होतं?"

"आम्ही नावं सांगत नाही, बाळ."

"नोरीन नव्हतं ना?"

मग मी तिच्याकडे नीट बघितलं. कॉलिनचे कान. ते टोपीत कधी मावायचे नाहीत असे कान, नोरीन, एका चोवीस वर्षांच्या पोरीच्या डोक्याला. तुझ्या पोटात पोर आहे हे आम्हाला माहीत होतं. पण त्या पोराला पोर होऊन ते माझ्यासमोर बाकावर बसेल, एवढं माझं डोकं कधी चाललं नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले.

मला वाटलं, आता ही बोलेल. ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडे तीन दिवस आहेत. नॅन म्हणाली, हलला गेलीस तर जॅनिसला शोध आणि शहर तिच्याकडूनच बघ." तुझी नात तुला 'नॅन' म्हणते, तसं मीही आईच्या आईला म्हणायचे. तो शब्द ऐकूनच मला भरून आलं.

मी तिला घरी आणलं आणि तीन दिवस फिरवलं. आता मोठ्या चर्चला 'मिन्स्टर' असा मानाचा दर्जा मिळालाय. दुपारी ऊन खिडक्यांतून आत येतं तेव्हा दगडी खांब आतून दिवा लावल्यासारखे दिसतात. टेस मान वर करून इतका वेळ उभी राहिली की मान धरली. 'हिरव्या आल्याची भूमी' नावाच्या गल्लीत तिने पाटीसमोर फोटो काढून घेतला आणि हे नाव कुठून आलं म्हणून तिघांना विचारलं. तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या, तिघेही छातीठोकपणे. आपले पांढरे फोनबूथ बघून ती म्हणाली, "बाकी देशात लाल आहेत ना?" मी म्हटलं, "बाकी देशाचं आम्हाला काय करायचंय?" बटाट्याची तळलेली पॅटी आणि चिप्स खाल्ले, वर तो लाल मसाला. तुझ्या वेळी तो नव्हता. आता त्याच्याशिवाय इथे कुणाच्या घशाखाली काही उतरत नाही.

आणि देवमासा. आता तो गोदीच्या जुन्या कचेरीत आहे, ज्या गोदीवर आता बाग झालीय. टेस त्या फासळ्यांखाली गेली आणि तिने तोंडाला हात लावला. अगदी तुझ्यासारखा, उलटा, तळहात बाहेर. मी तिथे बाकावर बसले आणि रडले. रखवालदार येऊन विचारून गेला. टेसने काही विचारलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, की हिला सगळं माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी पुलावर गेलो. नोरीन, तू पूल पाहिलेला नाहीस. तुझ्या वेळी पलीकडे जायला बोट होती. आता हंबर नदीवर असा पूल आहे की मधोमध गेलं की दोन्ही काठ दोरीएवढे बारीक दिसतात. खाली तपकिरी पाणी समुद्राकडे ओढ घेत असतं, वाऱ्याने पूल पायाखाली जरासा हलतो आणि आपण श्वास घ्यायला विसरतो. बांधला तेव्हा जगातला सगळ्यांत लांब झुलता पूल होता तो. उद्घाटनाला आई माझ्याबरोबर होती. एरवी कशालाच चांगलं न म्हणणारी बाई कठड्याला धरून म्हणाली, "कॉलिनने हे बघायला हवं होतं." तिने त्याचं नाव घेतलेलं मी पंधरा वर्षांत तेवढं एकदा ऐकलं.

तिथे, मधोमध, टेसने पाठीवरच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली. म्हणाली, "नॅन म्हणाली, आधी तिला सगळं शहर दाखवू दे. तिला दाखवायला फार आवडतं, मध्ये बोलू नकोस. शेवटी हे दे."

पुडीत शर्ट होता. फिकट निळा, शिंप्याकडून शिवलेला. उजव्या मनगटावर जांभळट डाग.

आता कबुली लिहिते. पत्राच्या सुरुवातीपासून हिच्याभोवती घिरट्या घालतेय.

त्या रविवारी कॉलिन आमच्याकडे जेवायला आला होता. आईचं गटार तुंबलं होतं म्हणून त्याने चांगला शर्ट काढून ठेवला, जुनी बंडी घातली, आणि तसाच तुझ्याकडे गेला. पहाटे भरतीला बोट निघाली. सकाळी आई चर्चच्या बायकांकडे गेली आणि मी तो शर्ट अंगात घातला, कारण त्याला कॉलिनचा वास होता. शर्ट घालून पाव-जॅम खाल्ला. ब्लॅककरंटचा जॅम मनगटावर सांडला. आई मारेल या भीतीने मी शर्ट घेऊन मागच्या दाराने तुझ्या अंगणात गेले. तू बेकरीत कामाला होतीस. तुझ्या नळाखाली मी तो चोळला आणि तुझ्या दोरीवर टाकला. वाटलं, तू यायच्या आत वाळेल.

नेम मला माहीत होता. तो तुला माहीत नव्हता, मला होता. पण मला वाटलं, एक मनगट म्हणजे काही धुणं नव्हे.

जानेवारीत शर्ट वाळतो का कधी? तो गोठून फळीसारखा ताठ झाला, दोन्ही हात पसरून. सोमवार म्हणजे धुण्याचा वार, गल्लीभर दोऱ्या भरलेल्या. फक्त ज्यांची माणसं त्या पहाटे निघाली त्यांच्या दोऱ्या रिकाम्या, आणि त्यांत तुझ्या दोरीवर तो एक शर्ट. शेजारच्या एड्नाने भिंतीवरून बघितला.

एकोणीस दिवसांनी बातमी आली. एड्ना आमच्या स्वयंपाकघरात आली आणि तिने आईला सांगितलं. आईने मला विचारलं, "तू पाहिलास का शर्ट?"

मी म्हटलं, "हो. नोरीनच्या दोरीवर होता."

एवढंच. त्यात एक शब्द खोटा नाही. त्याच दिवशी आईने तुला दार बंद केलं, आठवड्यात गल्लीने केलं. बेकरीवालीने तुला पुढच्या काउंटरवरून मागे भट्टीवर बसवलं. मार्चमध्ये तू मावशीकडे न्यूझीलंडला निघालीस. मी वरच्या खिडकीतून बघत होते. तू पेटी उचलून वर बघितलंस आणि मी हात हलवला. हात वर गेल्यावर मला आठवलं की हात हलवायचा नसतो. पुढे बेकरीवालीकडे तुझं डुनेडिनहून कार्ड येईपर्यंत मला झोप नव्हती.

शर्टाने बोट बुडत नाही, हे मला कळतं. बर्फाने बुडते. गेली चाळीस वर्षं मला ते पक्कं कळतं. म्हणून तर त्याची गोष्ट करून मी परक्यांना सांगू शकले, आणि त्या गोष्टीतही शर्ट तुझ्याच हातात दिला. पहिली चूक भेदरलेल्या पोरीची होती. ही दुसरी धडधाकट बाईची आहे, आणि तिच्यासाठी माझ्याकडे कुठलंही कारण नाही.

पुलावर मी टेसला विचारलं, "तिला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. शर्ट तिनेच काढला ना दोरीवरून. मनगटावर डाग तसाच होता. नॅनच्या घरात जॅम नव्हताच, तिला चालत नाही. आणि संध्याकाळी तू तिच्याकडे आलीस तेव्हा तुझे ओठ जांभळे होते."

"मग बोलली का नाही? बाळ, तिचं सगळं गेलं. बोलली का नाही ती?"

वारा फार होता. टेस माझ्या कानाजवळ येऊन बोलली. "मीपण तेच विचारलं. ती म्हणाली, मला जायला जग होतं. त्या पोरीला एकच गल्ली होती आणि एकच आई. आईचा मुलगा गेला होता, तिची मुलगीही काढून घेऊ?"

तू तेव्हा एकवीस वर्षांची होतीस, नोरीन. तुझा नवरा गेला होता.

मी ट्रॉलर बघितलेत, देवमासा बघितलाय, हा पूल बांधताना तार-तार करून विणलेला बघितलाय. लोकांना मोठ्या गोष्टी दाखवणं हेच माझं काम आहे. पण त्या दुपारी मी कठड्याला धरून उभी होते आणि तुझ्याएवढं मोठं मी काही पाहिलेलं नाही, एवढंच मनात येत होतं. मला लाज वाटली, रडूही आलं. पण त्याहून जास्त मी नुसती थक्क झाले होते. अजून आहे.

"नॅनने हा पुन्हा कधी धुतला नाही," टेस म्हणाली. मी म्हटलं, मीही धुणार नाही.

शुक्रवारी मी एड्नाकडे गेले. ती एक्क्याण्णवची आहे, वृद्धाश्रमात असते, कान आणि जीभ दोन्ही शाबूत. आपल्या गल्लीतलं तेवढं एकच जुनं माणूस उरलंय. मी तिला सगळं सांगितलं. तिने बिस्किट चहात बुडवून ठेवलं आणि ते विरघळून गेलं तरी तिला कळलं नाही.

"म्हणजे एवढी वर्षं मी चुकीच्या बाईला शिव्या घातल्या?"

"हो."

"जॅम कसला?"

"ब्लॅककरंट. आईने केलेला."

"मग तो डाग कशाला जातोय," ती म्हणाली. चमच्याने कपातला बिस्किटाचा गाळ काढला. मग म्हणाली, "तिला विचार, माझ्या हातचा चहा घेईल का. नाही म्हणाली तर तसं सांग मला, गोड करून सांगू नकोस."

काल शनिवार. ट्रॉलरवर चौदा जण होते. खालच्या खोलीत मी नेम सांगितले आणि मग गोष्ट सांगितली. या वेळी शर्ट कुणी धुतला ते सांगितलं, नावासकट, माझ्या. कुणाच्या अंगावर काटा आला की नाही ते मी बघितलं नाही. तेवढ्यात मागून वॉल्ट म्हणाला, "जॅनिस, माइक जवळ धर. मागच्यांना ऐकू आलं नाही."

म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा आवाज लागला. आता दर वेळी तशीच सांगणार आहे.

क्षमा मागायला मला नीट शब्द सुचत नाहीत, आणि तू काय म्हणशील हे मी धरून चालणार नाही. आलीस तर देवमासा बघू. राजासमोर बारापर्यंत थांबू. पुलावर मधोमध जाऊ. गोदीच्या तोंडाशी कॉलिनचं नाव दगडात कोरलंय, त्यावर मला एकटीला फूल ठेववत नाही. वरची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. दारात मी उभी असेन, आणि एड्नाला व्हीलचेअरवरून आणायचं वॉल्टने कबूल केलंय.

तू विमानात बसशील ती तारीख आणि वेळ मला कळव. डुनेडिनहून इथपर्यंत दीड दिवस लागतो, टेसने हिशेब करून सांगितलाय. त्या दीड दिवसात या घरात एक रुमालही धुतला जाणार नाही. तू परत निघशील तेव्हाही तेच. आणि तेव्हा मी खिडकीत असेन, पण हात खिशात असतील.

हा शब्द लिहायला मी एकावन्न वर्षं लावली, आज लिहू दे.

तुझी नणंद,
जॅनिस